‘टॅक्समन’मधला ड्रम सुटा कसा झाला?

फेब्रुवारी २०२५ मध्ये बीटल्स या जुन्या इंग्रजी बँडच्या ‘नाऊ अँड देन’ या गाण्याला ग्रॅमी मिळालं आणि त्याच दिवशी भाच्याचा निरोप आला, ‘मामा, एआयनं जॉन लेननला पुन्हा गायला लावलं बघ!’ मी त्याला लगेच फोन केला, कारण ही समजूत मला जिथे तिथे भेटते. लेनन १९८० च्या डिसेंबरात गेला. त्या गाण्यातला आवाज मात्र त्याचाच आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या घरी पियानोवर बसून त्यानं तो साध्या कॅसेटवर घेतला होता. १९९५ मध्ये बँडमधल्या उरलेल्या तिघांनी त्यावर गाणं उभं करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. पियानो आवाजावर चढत होता आणि खाली विजेची गुणगुण होती. २०२३ साली गाणं अखेर निघालं, तेव्हा त्या आवाजाच्या बाबतीत यंत्रानं केलेलं काम एवढंच, की तो पियानोपासून सोडवला.

‘सोडवला म्हणजे नेमकं काय केलं?’ भाच्यानं विचारलं. प्रश्न फोनवर संपणारा नव्हता. मी त्याला बीटल्सचा ‘रिव्हॉल्व्हर’ हा अल्बम ऐकायला सांगितला. दोनदा, दोन वेगळ्या आवृत्त्या, हेडफोन लावून.

‘रिव्हॉल्व्हर’ ५ ऑगस्ट १९६६ ला बाजारात आला. चौदा गाणी, एप्रिल ते जून या अडीच महिन्यांत लंडनच्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत मुद्रित केलेली. निर्माता जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक, त्या वेळी अवघा वीस वर्षांचा. पहिलं गाणं ‘टॅक्समन’. जुन्या स्टिरिओ आवृत्तीत ते हेडफोनवर ऐकलं, की ड्रम, बास आणि गिटार ही सगळी मंडळी डाव्या कानात दाटीवाटीनं बसलेली असतात. एखाद्या बैठकीत सगळे एकाच सतरंजीवर आणि अर्धी खोली रिकामी, तसं. ऑक्टोबर २०२२ च्या नव्या आवृत्तीत तीच मंडळी, तेच ठोके, पण प्रत्येकाला आपापली जागा मिळालेली आहे.

याचं मूळ टेपच्या रुंदीत आहे. ॲबी रोडवर तेव्हा स्टुडरचं जे३७ हे यंत्र होतं, एक इंच रुंदीच्या टेपवर समांतर चार पट्टे लिहिणारं. चारच ट्रॅक. गायन, वरची गिटार आणि बाकीची वाद्यं यांना जागा हवी म्हणून ड्रम, बास आणि गिटार एकत्र वाजवून एकाच ट्रॅकवर घेतली गेली. एकदा ती एका पट्ट्यावर चुंबकीय खुणा होऊन बसली, की मिक्स करणाऱ्याच्या, म्हणजे सगळे ट्रॅक जुळवून शेवटचं गाणं मांडणाऱ्याच्या, हातात तिघांसाठी मिळून एकच खटका उरतो. तो पट्टा डावीकडे सरकवला, की तिघेही डावीकडे.

इथे एक शब्द नीट वापरायला हवा. २००९ साली बीटल्सचे अल्बम पुन्हा आले, ते रीमास्टर होते. म्हणजे जुनं तयार मिक्स घेऊन त्याची स्वच्छता केलेली. छापलेल्या फोटोचा उजेड वाढवता येतो, डाग काढता येतात. फोटोतल्या माणसांना जागा बदलायला सांगता येत नाही. २०२२ चं काम रीमिक्सचं आहे. जॉर्ज मार्टिन यांचा मुलगा जाइल्स मार्टिन आणि सॅम ओकेल यांनी मूळ ट्रॅकपासून पुन्हा मांडणी केली. त्यासाठी एका ट्रॅकमधली तीन वाद्यं आधी वेगळी करावी लागली. ते तंत्र दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या न्यूझीलंडमधल्या विंगनट फिल्म्समध्ये एमिल दे ला रे याच्या गटानं विकसित केलं होतं, ‘गेट बॅक’ या माहितीपटातले एकाच माईकवर मिसळलेले संवाद आणि वाद्यं वेगळी करण्यासाठी. दुकानात मात्र दोन्ही गोष्टी ‘रीमास्टर्ड’ या एकाच चिठ्ठीखाली विकल्या जातात, आणि ऐकणाऱ्याला आपण काय विकत घेतलं तेच कळत नाही. हे मला खटकतं.

आता मला आवडणारा भाग.

वाद्यं वेगळी करणं म्हणजे खिचडीतून डाळ-तांदूळ निवडणं, असं एका ठिकाणी वाचलं. उपमा चुकीची आहे. खिचडीत दाणा दाण्याच्या जागी असतो, वेळ आणि चिकाटी असली तर निवडता येतो. आवाजाचं तसं नसतं. हवेचा दाब माईकच्या पडद्यावर येतो तेव्हा ड्रमचा दाब, बासचा दाब आणि गिटारचा दाब यांची बेरीज होऊन एकच आकडा उरतो. टेपवर क्षणाक्षणाला ती बेरीज लिहिलेली असते. सात लिहिलं असेल, तर ते तीन अधिक चार की पाच अधिक दोन, की नऊ वजा दोन? फक्त तो आकडा पाहून कुणालाही सांगता येणार नाही. शाळेतलं गणित सांगतं, की तीन अज्ञातं आणि समीकरण एकच असेल, तर उत्तरं अनंत.

मग वाट कुठून सापडते? आवाज क्षणाच्या आकड्यांऐवजी वारंवारतांमध्ये, म्हणजे सेकंदाला किती कंपनं या हिशेबात, मांडला, की. फ्रान्सच्या जोसेफ फूरिएनं १८२२ मध्ये उष्णतेवरच्या ग्रंथात दाखवलं, की कितीही वेडीवाकडी आवर्ती लहर साध्या गोल लहरींच्या बेरजेत मोडता येते. हे गणित संगणकावर झटपट करण्याची रीत कूली आणि ट्युकी यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केली, ‘रिव्हॉल्व्हर’च्या आदल्याच वर्षी. गाण्यांतली वाद्यं ज्या रीतीच्या आधारानं पुढे सुटी होणार होती, ती तेव्हाच कागदावर आली होती, याचं मला फार अप्रूप आहे.

समजा, गाणं सेकंदाला ४४,१०० नमुन्यांनी, म्हणजे दाबाच्या तितक्या नोंदींनी, संगणकात घेतलं. त्यातले ४,०९६ नमुने उचलायचे, म्हणजे सुमारे ९३ मिलिसेकंदांचा तुकडा, आणि त्यात कुठली वारंवारता किती ते काढायचं. मग थोडं पुढे सरकून पुन्हा तेच. दर वेळी १,०२४ नमुने सरकलो तर सेकंदाला त्रेचाळीस उभे स्तंभ मिळतात आणि प्रत्येक स्तंभात २,०४९ घरं. आडव्या दिशेला काळ, उभ्या दिशेला वारंवारता, घरातला रंग म्हणजे जोर. जणू मोठा आलेख-कागद. ‘टॅक्समन’ दोन मिनिटं चाळीस सेकंदांच्या आसपास आहे, म्हणजे त्याच्या कागदावर सुमारे एक कोटी चाळीस लाख घरं.

या कागदावर वाद्यांना चेहरे येतात. ड्रमचा फटका म्हणजे उभी रेघ: क्षणभर सगळ्या वारंवारता एकदम. बासचा सूर म्हणजे खालच्या अंगाला आडव्या रेघा, आणि गिटार म्हणजे वर पसरलेली, हळूहळू विरत जाणारी शिडी. मुख्य म्हणजे बहुतेक घरांत एकाच वाद्याचा जोर असतो आणि बाकीचे तिथे जवळपास गप्प असतात. बेरजेचा प्रश्न सुटत नाही, पण एक कोटी चाळीस लाख छोट्या प्रश्नांत वाटला जातो, आणि त्यातले बरेचसे सोपे निघतात.

पण घर किती मोठं ठेवायचं? घराची उंची इथे सुमारे १०.८ हर्ट्झ येते. बास गिटारची सगळ्यात जाडी तार ४१.२ हर्ट्झवर आणि तिच्या वरचा सूर ४३.७ वर. फरक अडीच हर्ट्झचा, म्हणजे दोन्ही सूर एकाच घरात एकमेकांवर सांडतात. ते वेगळे दिसायला तुकडा ४०० मिलिसेकंदांच्या आसपास हवा. तेवढा लांब घेतला, तर बीटल्सचा ड्रमवादक रिंगो याचा जो फटका चार-पाच मिलिसेकंदांत उसळतो, तो पसरट डाग होऊन बसतो. काळ अचूक धरावा तर सूर निसटतो, सूर धरावा तर काळ. यंत्र कितीही महाग असो, हे बंधन चुकत नाही; ते लहरींच्या स्वभावातच आहे. म्हणून एकाच गाण्याचे लहान-मोठ्या तुकड्यांचे अनेक आलेख शेजारी ठेवून पाहण्याच्या रीती निघाल्या.

हर्ट्झचा विषय निघालाच आहे, तर ‘४३२ हर्ट्झचं संगीत पेशी बऱ्या करतं’ असे जे निरोप फिरतात, त्यांबद्दलही सांगतो. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला कंपनं, आणि सेकंद माणसानं ठरवलेला. सेकंद थोडा लांब ठरला असता तर त्याच सुराचा आकडा बदलला असता. पेशींना त्याचं काय? ‘रिव्हॉल्व्हर’मधल्या कित्येक ट्रॅकची टेप मुद्दाम हळू किंवा जलद फिरवली आहे. ती गाणी ना ४३२ ला बांधलेली, ना ४४० या आजच्या प्रमाण सुराला, आणि साठ वर्षं लोक ती आनंदानं ऐकत आहेत.

पुन्हा घरांकडे. प्रत्येक घरासाठी यंत्राला वाटणी ठरवायची असते: ड्रमला शंभरातले ऐंशी, बासला पंधरा, गिटारला पाच. याला मास्क म्हणतात. ही वाटणी करायला यंत्र सरावानं शिकतं. ज्या गाण्यांचे सगळे ट्रॅक आधीच वेगवेगळे उपलब्ध आहेत ती घ्यायची, मिसळायची, यंत्राला ओळखायला सांगायचं आणि खऱ्या उत्तराशी ताडून त्याचे आतले आकडे किंचित हलवायचे. लाखो वेळा. संशोधकांमध्ये सर्रास वापरला जाणारा असा एक संच १५० गाण्यांचा, सुमारे दहा तासांचा आहे.

एक अडचण तरीही राहते, ती फेजची, म्हणजे त्या क्षणी लहर चढणीवर आहे की उतरणीवर याची. एकाच वारंवारतेच्या तीन आणि चार जोराच्या लहरी भेटल्या, तर बेरीज सात येईलच असं नाही. दोघी एकत्र चढत असतील तर सात, उलट्या असतील तर एक, नाहीतर मधलं काहीही. नुसत्या जोराची वाटणी केली आणि फेज मिश्रणाचीच ठेवली, तर सुट्या झालेल्या आवाजाला पाण्याखालून आल्यासारखी घरघर येते. स्वस्त ॲपमध्ये गाण्यातलं गायन काढून पाहिलं असेल, तर ती तुम्ही ऐकली आहे.

भाच्यासाठी मी यातलीच एक कसोटी काढून ठेवली. मास्कच्या वाटणीत प्रत्येक घराचे शंभरच्या शंभर टक्के कुणाला ना कुणाला दिलेले असतात. म्हणून सुटे झालेले भाग पुन्हा एकत्र करून मूळ ट्रॅकमधून वजा केले, तर बाकी शांतता उरली पाहिजे. यंत्रानं पदरचं काही घातलं असेल, तर ते या वजाबाकीत ऐकू येईल. अर्थात बाकी शून्य आली म्हणून वाटणी बरोबर झाली असं नव्हे. पाच अधिक दोनचीही बेरीज सातच. ते शेवटी कानानं ठरवावं लागतं, आणि ‘टॅक्समन’ ऐकताना माझ्या कानाला कुठे शिवण लागली नाही.

शिवाय अल्बममधलं सगळंच असं उलगडण्यासारखं नाही. ‘टुमॉरो नेव्हर नोज’मध्ये ७ एप्रिल १९६६ ला पाच टेपची वेटोळी इमारतभरच्या यंत्रांवर एकाच वेळी फिरवली गेली. माणसं पेन्सिलीवर ती ताणून धरत होती आणि इकडे खटके वर-खाली करून सगळं थेट मिसळलं जात होतं. सीगल पक्ष्यासारखा जो आवाज येतो तो पॉल मॅकार्टनीचं हसणं आहे, वेग वाढवलेलं. ते वाद्यच कुठल्या सराव-संचात नव्हतं.

‘लव्ह यू टू’मध्ये तबला आहे, अनिल भागवत यांचा. वेष्टनावर त्यांचं नाव छापलेलं आहे. ते गाणं ऐकताना मला वाटलं, आपल्याकडच्या जुन्या मुद्रणांवर हे करून पाहू. फुकट मिळणारी साधनं आहेत. मी घरच्या संगणकावर एक जुनं नाट्यगीत घातलं. मूळ मोनो, गायिका, पेटी आणि तबला एकत्र. साधनाला चारच कप्पे माहीत: गायन, ड्रम, बास आणि ‘इतर’. तबल्याची चाट ड्रममध्ये गेली, डग्ग्याची घुमार बासमध्ये. एका वादकाचे दोन हात दोन कप्प्यांत.

पेटीचं जे झालं त्यानं मी दोन रात्री जागलो. गिटार आणि गायक सहसा वेगळे सूर वाजवतात-गातात. आपल्याकडे पेटी गळ्याच्या मागोमाग तोच सूर धरते. गायिकेनं २२० हर्ट्झचा सूर लावला, की तिच्या आवाजात ४४०, ६६०, ८८० हे उपस्वरही येतात, आणि पेटीतूनही नेमके तेच. कागदावर दोघींच्या रेघा त्याच घरांत. साथ जितकी उत्तम, तितकी वाटणी अशक्य! ठेहरावावर गायनाच्या कप्प्यात पेटी चिकटून आली. पण जिथे गायिकेनं मींड घेतली, तिथे गळा लख्ख सुटा झाला. पेटीला मींड घेता येत नाही. ती पायऱ्या चढते आणि गळा घसरत जातो. आलेखावर एक तिरकी रेघ आणि तिच्याखाली जिन्यासारखी दुसरी. यंत्रानं ती बरोबर ओळखली.

आता एक पेटीवाले मित्र आणि त्यांची गाणारी मुलगी यांना घेऊन मी सराव-संच जमवतो आहे. ती आतल्या खोलीत, ते बाहेर, दोन माईक, कानाला हेडफोन. तिचा आवाज ऐकून ते साथ करतात आणि दोघांच्या मुद्रणात एकमेकांचा कणही मिसळत नाही. पहिल्या रविवारी रस्त्यावरचे हॉर्न वगळून कामाची साडेचार मिनिटं हाती लागली.