ऑर्डर देण्याआधी वाचून घ्या: आमच्याकडचं मेक्सिकन आणि पेरू देशाचं जेवण

नमस्कार. मेन्यूकार्डावरची बरीच नावं अनोळखी वाटतील, म्हणून हा कागद. पदार्थ टेबलावर येईपर्यंत वाचून होईल.

मेक्सिकन म्हटलं की पुण्यात बहुतेकांना नाचोज, त्यावर ओघळणारं पिवळं चीज आणि कडक कुरकुरीत टाको आठवतो. ती चव अमेरिकेतल्या टेक्सासकडची. वाईट नाही, पण आम्ही ती करत नाही. मेक्सिकोत टाको सहसा मऊ असतो: तळहाताएवढी मक्याची तोर्तिया (पातळ भाकरी), त्यात भाजलेलं चिकन किंवा भाजी, वर बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, साल्सा (तिखट चटणी) आणि लिंबू. चीज बहुतेक वेळा नसतंच. ‘एक्स्ट्रा चीज’ मागितलंत तर देऊ, पण आधी एक टाको तसाच खाऊन पाहा.

खरा खटाटोप तोर्तियाचा. त्यासाठी स्वीट कॉर्न चालत नाही, वाळलेला पांढरा मका लागतो. रात्री तो खायच्या चुन्याच्या पाण्यात उकळायचा (किलोला साधारण १० ग्रॅम चुना) आणि त्याच पाण्यात सकाळपर्यंत ठेवायचा. सकाळी दाणा बोटांत चोळला की साल सुटून येतं. मग स्वच्छ धुऊन दगडी ग्राइंडरवर वाटायचा. चुन्यामुळे पीठ बांधून येतं आणि तोर्तिया दुमडली तरी तुटत नाही. शिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. मका युरोपात पोचला, चुन्याची ही रीत मात्र पोचली नाही. इटली-स्पेनमध्ये मक्यावरच पोट भरणाऱ्या गरिबांना त्यामुळे पेलाग्रा हा आजार जडला.

आमच्याकडे गोळा प्रेसमध्ये दाबून कोरड्या तव्यावर टाकतात. कडा सुटल्या की उलटायची, पुन्हा उलटली की फुगते. तिला चुन्याचा हलका वास येतो. तो यायलाच हवा, पीठ बिघडलेलं नसतं. टाको हातानं खा. उलगडून, तुकडा मोडून भाजी लावून खाल्लात तरी आमची हरकत नाही, फक्त गार व्हायच्या आत खा. पार्सलमध्ये तोर्तिया आणि सारण वेगवेगळं देतो, कारण भरलेला टाको वाटेतच लिबलिबीत होतो.

मोले हा दाट रस्सा वाळक्या मिरच्या, तीळ, शेंगदाणे, मनुका आणि थोडं चॉकलेट घालून होतो. चॉकलेटच्या नावानं दचकू नका, तो गोड नसतो. तीळ-शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर मात्र मागवू नका.

आता पेरू. बटाट्याचं मूळ घर तिथल्या अँडीज पर्वतात. राजधानी लिमामध्ये आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे आणि तिथे बटाट्याचे हजारो वाण जपून ठेवलेत. पापा आ ला वांकाइना म्हणजे उकडलेल्या बटाट्याच्या चकत्यांवर ताजं चीज, दूध, खारी बिस्किटं आणि आही आमारियो ही पिवळी मिरची वाटून केलेला सॉस. ही मिरची मंडईत मिळत नाही, आम्ही तिची पेस्ट बाहेरून मागवतो. शाकाहारी मंडळींनी सुरुवात इथूनच करावी. वर उकडलेलं अंडं असतं, नको असेल तर आधी सांगा.

सेबिचे म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेला मासा. त्याबद्दल सर्वांत जास्त प्रश्न येतात. हो, मासा कच्चा असतो. लिंबाच्या रसात तो काही मिनिटांत पांढरा, घट्ट होतो, पण लिंबानं सगळे जंतू किंवा परजीवी मरत नाहीत. म्हणून आमची सुरमई आधी उणे २० अंशांवर ७ दिवस गोठवलेली असते. तरीही गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना आम्ही सेबिचे देत नाही. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा सेबिचे मशरूमचं असतं. सोबत उकडलेलं रताळं येतं, ते सजावटीला नाही; आंबट-तिखट घासानंतर तेच हवंसं वाटतं. २०२३ साली पेरूच्या सेबिचेचा युनेस्कोच्या वारसा यादीत समावेश झाला. मेक्सिकोच्या पारंपरिक जेवणाला तो मान २०१० मध्येच मिळाला होता.

साल्तादो ही एकोणिसाव्या शतकात पेरूत आलेल्या चिनी मजुरांची देणगी: कढईत मोठ्या आचेवर परतलेला कांदा-टोमॅटो, सोया सॉस, आणि एकाच ताटात भात व बटाट्याचे तळलेले काप. दोन्ही का, असं विचारू नका, तिकडे असंच खातात. मूळ पदार्थ गोमांसाचा. इथे अर्थातच चिकन किंवा मशरूम.

‘उपासाला काय चालेल?’ हा प्रश्न दर एकादशीला येतो. गंमत अशी की बटाटा, रताळं, शेंगदाणे, मिरची, राजगिरा आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो टॅपिओका, हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. पण वांकाइनात बिस्किटं असतात, त्यामुळे ते चालणार नाही. आलेग्रिया ही राजगिऱ्याची वडी मात्र आम्ही गुळात करतो, ती खुशाल घ्या.

मेक्सिकोत घोटून परतलेल्या राजम्याला डुकराची चरबी वापरतात. आम्ही तेल वापरतो, आणि शाकाहारी पदार्थांचा तवा वेगळा आहे. जैन ग्राहकांना ग्वाकामोले (ॲव्होकाडोची चटणी) कांद्याशिवाय मिळेल. साल्सा आणि मोले कांदा-लसणाशिवाय होत नाहीत. ॲव्होकाडोचा भाव चढला की ग्वाकामोलेचा दरही बदलतो, तो फळ्यावर लिहिलेला असतो. मद्य आम्ही देत नाही. त्याऐवजी लाल अंबाडीच्या बोंडांचं गार सरबत घ्या, साखर कमी हवी असल्यास ऑर्डर देतानाच सांगा.