संप फ्रान्समध्ये, विमान अडकतं लंडनला

लंडनहून बार्सिलोनाला जाणारं विमान फ्रान्समध्ये उतरत नाही, पण फ्रेंच हवाई नियंत्रकांनी संप केला की तेही रखडतं. ब्रिटन आणि स्पेन यांच्या मधलं आकाश फ्रान्सच्या पाच नियंत्रण केंद्रांकडे आहे. वळसा घातला तर इंधन वाढतं आणि शेजारच्या देशांचं आकाश तुंबतं.

संपकऱ्यांच्या जागी दुसरी माणसं बसवून पाहण्याचा प्रयोग फ्रान्सने केलेला आहे. १९६४ च्या कायद्याने नियंत्रकांच्या संपावर बंदी होती, तरी १९७३ च्या सुरुवातीला ते संपावर गेले आणि सरकारने लष्करी नियंत्रक बसवले. ५ मार्चला नांतजवळ लंडनकडे निघालेली दोन स्पॅनिश विमानं एकाच उंचीवर, २९ हजार फुटांवर, एकमेकांवर आदळली. एकाच ठिकाणावरून ती वेगवेगळ्या वेळी जाणार, एवढंच अंतर त्यांच्यात ठेवलेलं होतं. तिथे उशिरा पोहोचण्यासाठी एका विमानाने ढगात गिरकी घेतली आणि तिथेच घात झाला. त्यांपैकी डीसी-९ जातीच्या विमानातले सर्व ६८ जण गेले. दुसरं विमान मोडक्या पंखानिशी कोन्याकच्या हवाई तळावर उतरलं.

अमेरिकेने १९८१ मध्ये अकरा हजारांहून जास्त संपकरी नियंत्रकांना बडतर्फच केलं. फ्रान्स उलट्या दिशेला गेला: १९८४ मध्ये संपाचा हक्क परत दिला, सोबत किमान सेवेची अट घातली. तेव्हापासून संप म्हणजे उड्डाणांत कपात. ३ आणि ४ जुलै २०२५ च्या संपात नीस विमानतळाची निम्मी उड्डाणं कमी करायला सांगितलं होतं.

किती नियंत्रक येणार हे आधी कळत नसे, त्यामुळे कपात अंदाजाने व्हायची. डिसेंबर २०२३ च्या कायद्यानुसार संपावर जाणाऱ्या प्रत्येक नियंत्रकाला संपाच्या दोन दिवस आधी दुपारी बारापर्यंत तसं कळवावं लागतं. म्हणून रद्द उड्डाणांची खरी यादी त्यानंतरच येते. आदल्या आठवड्यातल्या बातमीवर तिकीट स्वतःहून रद्द केलं, तर परताव्याचा हक्क बहुधा हातचा जातो.

रद्द न झालेल्या विमानाला उड्डाणाची ठरावीक वेळ, म्हणजे स्लॉट मिळतो: पाच मिनिटं आधी ते दहा मिनिटं नंतर. तो हुकला की नवा. कधी तो अचानक अलीकडेही येतो, त्यामुळे फलकावर 'तीन तास उशीर' दिसला तरी गेटपासून लांब जाऊ नये.

विमान रद्द झालं किंवा रखडलं तर प्रवाशांचे हक्क ठरवणारा युरोपीय संघाचा २६१/२००४ हा नियम फेब्रुवारी २००५ पासून लागू आहे. नियंत्रकांचा संप विमान कंपनीच्या हातातला नसल्याने २५० ते ६०० युरोंची भरपाई सहसा मिळत नाही. विमान कंपनीच्याच कर्मचाऱ्यांच्या संपाला मात्र ही पळवाट नाही, असं युरोपीय न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं. भरपाई नसली तरी उड्डाण रद्द झाल्यावर परतावा किंवा पर्यायी प्रवास, आणि पर्यायी विमानाची वाट पाहताना जेवण व हॉटेल द्यावंच लागतं. कंपनीने सोय केली नाही, तर वाजवी खर्च करून पावत्या जपाव्यात.

मुंबईहून जाणाऱ्यांसाठी एक मेख आहे. भारतीय कंपनीने पॅरिसला जाताना हा नियम लागू नाही, परतताना आहे. आणि बार्सिलोना-पॅरिस व पॅरिस-मुंबई ही तिकिटं वेगवेगळ्या बुकिंगवर असतील, तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे सुटलेल्या दुसऱ्याचे पैसे सहसा कोणी देत नाही.