टॉमसवादी नीतिविचार

सेंट टॉमस अक्वायनस (सु. १२२५–१२७४) या डोमिनिकन (कॅथलिक संन्याशांचा एक संघ) ईशवेत्त्याच्या ग्रंथांवर आधारलेली ख्रिस्ती नीतिमीमांसा. माणूस बुद्धीच्या द्वारे ईश्वरी नियमात सहभागी होतो, म्हणून नीती श्रद्धेची असली तरी ती तर्काने तपासता येते, ही तिची मूळ भूमिका. सुम्मा थिओलॉजिए (सु. १२६५–७३, अपूर्ण) या ग्रंथाची रचनाही तशीच आहे : आधी आक्षेप, मग विरुद्ध प्रमाण, नंतर स्वमत व शेवटी एकेका आक्षेपाचे उत्तर. पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची सवय असलेल्या वाचकाला ही रीत परकी वाटू नये. कृतीचा विषय, हेतू व परिस्थिती या तिन्ही अंगांनी तिची पारख होते; चांगल्या हेतूने मुळात वाईट कृती चांगली ठरत नाही.

मुळात वाईट नसलेल्या कृतीतून हेतूत नसलेला वाईट परिणाम झाला, तरी काही अटींवर ती वैध ठरते, हे दुहेरी परिणामाचे तत्त्व. त्याचा उगम वादग्रस्त आहे. स्वसंरक्षणाच्या चर्चेत (भाग २-२, प्रश्न ६४, कलम ७) टॉमस म्हणतात, की एका कृतीचे दोन परिणाम संभवतात आणि त्यांपैकी एकच हेतूत असू शकतो. मात्र गरजेपेक्षा अधिक बळ वापरल्यास ती कृती अवैध ठरते. काही अभ्यासक संपूर्ण तत्त्व येथेच पाहतात. इतरांच्या मते ते सोळाव्या-सतराव्या शतकांतील भाष्यकारांनी घडविले. चार अटींची रूढ मांडणी एकोणिसाव्या शतकात ग्यूरी या जेझुइट (येशूसंघीय) लेखकाच्या पाठ्यग्रंथात (१८५०) आढळते. मूळ कलमात हेतू व प्रमाणबद्धता एवढ्याच बाबी स्पष्ट असल्याने दुसरे मत संहितेला अधिक धरून वाटते.

चुकलेली सदसद्विवेकबुद्धीही बंधनकारक असते, पण हलगर्जीपणातून आलेले अज्ञान दोषमुक्त करीत नाही, हा टॉमस यांचा निर्णय आजही मोलाचा आहे.

पॅरिसच्या बिशपांनी १२७७ मध्ये निषेधलेल्या २१९ विधानांपैकी काही टॉमस यांच्या मतांशी जुळणारी होती. १३२३ मध्ये त्यांना संतपद मिळाले. पोप तेरावे लिओ यांच्या १८७९ च्या परिपत्रकाने या परंपरेला नवे बळ दिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही (१९६२–६५) धर्मगुरूंच्या शिक्षणात टॉमस यांना मार्गदर्शक मानले.

या परंपरेचा एक धागा नागपूरशीही जुळतो. नागपूर धर्मप्रांत (बिशपच्या अधिकाराखालील क्षेत्र) १८८७ चा. १९५३ मध्ये तो महाधर्मप्रांत झाला. तेथील सेंट चार्ल्स सेमिनरी या धर्मगुरू-प्रशिक्षण संस्थेवरूनच शहरातील सेमिनरी हिल्स या भागाचे नाव रूढ झाले. आयर्लंडचे डोमिनिकन १९५९ च्या सुमारास या सेमिनरीत अध्यापनासाठी आले आणि टॉमस यांच्याच संघाची परंपरा विदर्भात पोहोचली.