चोणकावरचे पांढरे ठिपके आणि त्यामागचे स्ट्रेन

चोणकाच्या (जिताडा माशाच्या) अंगावर पांढरे ठिपके उठले आणि मासा जाळ्याला अंग घासू लागला, की पाण्याचा खारेपणा उतरवायचा, हा जुना उपाय. तो एका तळीत लागू पडतो आणि दुसऱ्या तळीत पडत नाही, याची मुळे बरीच मागे आहेत.

गोड्या पाण्यातल्या माशांना ठिपके आणणाऱ्या परजीवीचे वर्णन फूके यांनी 1876 मध्ये केले. समुद्री माशांवरचा तसाच आजार जपानच्या सिकामा यांनी 1937 मध्ये नोंदवला, आणि 1951 मध्ये ब्राऊन यांनी त्या परजीवीला क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स हे नाव दिले. ठिपके सारखे, जीवनक्रम सारखा, म्हणून दोघे जवळचे नातलग समजले गेले. 1990च्या दशकात जनुके ताडून पाहिल्यावर नाते बरेच दूरचे निघाले. (कोळंबीचा 'व्हाइट स्पॉट' तर विषाणूचा आहे. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.)

हा समुद्री परजीवी माशाच्या कातडीखाली आणि कल्ल्यांत तीन ते सात दिवस राहतो. तिथे त्याला औषध सहज लागत नाही. मग तो सुटतो, जाळ्याला किंवा तळाला चिकटून कवच करतो आणि आतल्या आत विभागत राहतो. त्या एका कवचातून शेकडो नवे जीव निघतात, तेही बहुधा पहाटेच्या अंधारात. खारेपणा लिटरला 10 ग्रॅमच्या खाली नेल्यास हे कवच तग धरत नाही, हाच त्या उपायाचा आधार. समुद्राच्या पाण्यात हे प्रमाण सुमारे 35 ग्रॅम असते.

पण 1997 मध्ये डिगल्स आणि अ‍ॅडलर्ड या संशोधकांनी वेगवेगळ्या ठिकाणचे नमुने जनुकीय पातळीवर तपासले, तेव्हा एकाच जातीत निरनिराळे स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार, दिसले. पुढे 2003 मध्ये तैवानमधून लिटरला 5 ग्रॅम इतक्या कमी खारेपणातही साथ आल्याची नोंद झाली.

गोव्यासाठी ही नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते. खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीत) मानशीतून, म्हणजे बांधाच्या झडपेतून, येणारे पाणी एप्रिल-मेमध्ये समुद्राइतके खारट आणि जुलैत जवळपास गोडे असते. इथे कमी खारेपणा सोसणारा परजीवी तगला, तर नवल नाही. शिवाय चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलकृषी संस्थेने (सीबा) 1997 मध्ये चोणकाचे कृत्रिम प्रजनन साधल्यापासून हॅचरीचे बीज मिळू लागले, आणि बाहेरून आणलेल्या बिजासोबत परजीवीही येऊ शकतो. ठिपके दिसताच कल्ल्याचा एक तुकडा अल्कोहोलमध्ये जपून ठेवला आणि त्या दिवसाचा खारेपणा लिहून ठेवला, तर रोग बिजाबरोबर आला की नदीतून, हे प्रयोगशाळेला ताडून पाहता येते.