ऑस्लो करारात पॅलेस्टाईन राज्य कबूल झालं होतं?

१९९३ला ऑस्लो करारात इस्रायलने पॅलेस्टिनींना स्वतंत्र राज्य लिहून दिलं होतं, असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. तो कागदच उघडून बघा. १३ सप्टेंबरच्या करारात आहे ते पाच वर्षांचं हंगामी स्वशासन. राज्याचं वचन कुठेच नाही. जेरुसलेम, निर्वासित, इस्रायली वसाहती, सीमा, म्हणजे भांडणाचं मूळच, पुढच्या बोलण्यांवर ढकललेलं.

९ सप्टेंबरला दोन्ही नेत्यांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं तर जास्तच बोलकी. पीएलओ या पॅलेस्टिनी संघटनेचे प्रमुख अराफत यांनी इस्रायलचा सुखाने नांदण्याचा हक्क मान्य केला. बदल्यात इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांनी पीएलओला पॅलेस्टिनींची प्रतिनिधी मानलं, बस्स. ऑक्टोबर १९९५मध्ये राबिन संसदेतही ‘राज्यापेक्षा कमी’ असंच बोलले. राज्याची बोलणी आली ती २०००ला, अमेरिकेतल्या कॅम्प डेव्हिडच्या शिखर बैठकीत.