‘इस्टेट’ म्हणजे काय? खोती, कूळकायदा आणि मालमत्तेच्या हक्कावरच्या घटनादुरुस्त्या

राज्यघटनेच्या नवव्या परिशिष्टात सहावी नोंद मुंबई राज्याच्या खोती निर्मूलन कायद्याची आहे. १९५१ सालच्या पहिल्या घटनादुरुस्तीने हे परिशिष्ट जोडलं, तेव्हा त्यात अवघे १३ कायदे होते. त्या तेरांत रत्नागिरी आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतल्या खोतांचा विषय का आला हे समजून घेतलं, की मालमत्तेच्या हक्काची पुढची सगळी ओढाताण उलगडू लागते.

खोती शेकडो वर्षांची, पण तिचा इतिहास इथे फार मागे नेत नाही. गावाचा सारा सरकारात भरायचा आणि कुळांकडून वसूल करायचा, हे खोताचं काम. १८८० च्या खोती कायद्याने रत्नागिरीतले धारेकरी, कायम कुळं, साधी कुळं असे थर लावून दिले. खोत हा गावाचा मालक की सरकार आणि कूळ यांच्यामधला वसुलीदार, हा वाद मात्र त्यानंतरही चालूच राहिला. अलिबागजवळ चरीच्या परिसरात कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं जमिनी पडीक ठेवून संप केला. उपासमार सोसून केलेला हा संप शेतकऱ्यांच्या लढ्यांमध्ये फार मोठा आहे, आणि पाठ्यपुस्तकांत त्याला मिळते त्याहून कितीतरी जास्त जागा त्याला मिळायला हवी. १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक ज्यांनी मांडलं, तेच दहा वर्षांनी घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले.

घटना लागू झाली तेव्हा मालमत्ता हा मूलभूत हक्क होता. अनुच्छेद १९ मध्ये मालमत्ता मिळवण्याचा, बाळगण्याचा आणि विकण्याचा हक्क, तर अनुच्छेद ३१ मध्ये भरपाईची हमी. जमीनदारी संपवणारे कायदे लगेच याच दोन अनुच्छेदांवर आणि समानतेच्या अनुच्छेद १४ वर अडू लागले. मार्च १९५१ मध्ये बिहारचा कायदा तिथल्या उच्च न्यायालयाने रद्द केला आणि जूनमध्ये पहिली दुरुस्ती झाली. तिने ३१-अ आणि ३१-ब आणले. ३१-ब ने नवव्या परिशिष्टातल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आधारे होणाऱ्या आव्हानापासून संरक्षण दिलं. ३१-अ ने तेच संरक्षण ‘इस्टेट’ ताब्यात घेणाऱ्या कायद्यांना दिलं.

खरा गुंता या ‘इस्टेट’ शब्दात आहे. बोलताना आपण इस्टेट म्हणतो ती बागायत, घर, वाडा, सगळं मिळून. घटनेने मात्र स्वतःची एकच व्याख्या केली नाही. त्या त्या भागात जमीनधारणेचा जो कायदा चालू असेल, त्यात या शब्दाचा किंवा त्याच्या स्थानिक पर्यायाचा जो अर्थ, तोच धरायचा, असं ३१-अ ने म्हटलं. त्यामुळे एकच शब्द मद्रासेत एक अर्थ घेऊन उभा राहिला आणि मुंबई राज्यात दुसरा.

कूळकायद्यात १९५६ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्यानेच तिचं खरेदीदार मानलं गेलं. साध्या कुळासाठी किंमत बाजारभावाने ठरत नव्हती, ती जमिनीच्या आकाराच्या (म्हणजे वार्षिक साऱ्याच्या) २० ते २०० पट या मर्यादेत बसवायची होती. मालक न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं असं, की इस्टेट म्हणजे इनाम, जहागीर, तालुकदारी यांसारखी मोठी धारणा. रयतवारीतला, म्हणजे सरकार थेट शेतकऱ्याकडून सारा घेतं त्या पद्धतीतला, साधा सातबारा म्हणजे इस्टेट नव्हे, म्हणून ३१-अ चं संरक्षण या कायद्याला नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये मुंबई जमीन महसूल कायदा उघडून पाहिला. १८७९ च्या त्या कायद्यात इस्टेटची व्याख्या होती : जमिनीतला कोणताही हितसंबंध, आणि एकाच व्यक्तीकडे असलेल्या अशा हितसंबंधांचा समूह. त्यात इनामही आलं आणि रयतवारीही. मालकांचा मुद्दा फेटाळला गेला. पाऊणशे वर्षांपूर्वी महसुलाच्या सोयीसाठी लिहिलेल्या एका ओळीने कोकणातल्या लाखो कुळांच्या नावावर जमीन होण्याचा मार्ग मोकळा ठेवला. घटनेवरच्या चर्चेत बँका आणि संस्थानिकांचे तनखे यांच्या खटल्यांवर पानंच्या पानं लिहिली जातात. या निकालाचा उल्लेख क्वचित होतो, आणि ही उणीव मला सलते. कूळकायद्यातली ‘३२-ग ची केस’ (खरेदीची किंमत ठरवण्याची) आणि ‘३२-म चं सर्टिफिकेट’ (खरेदीचा दाखला) हे शब्द खेडपासून सावंतवाडीपर्यंत ज्या घरांत आजही कागदपत्रांच्या पेटीत जपलेले आहेत, त्यांच्या दृष्टीने हाच घटनेचा सर्वांत जवळचा निकाल.

केरळात उलटं झालं. तिथे पूर्वीच्या मद्रास राज्यातल्या दक्षिण कॅनरा जिल्ह्यातून आलेल्या भागातली रयतवारी जमीन इस्टेट ठरत नाही, असा निकाल १९६१ मध्ये आला. म्हणून १९६४ च्या सतराव्या दुरुस्तीने इस्टेटची व्याख्याच रुंदावली आणि रयतवारी सगळीकडे तिच्यात आणली. त्याच दुरुस्तीने एक परंतुक जोडलं : कमाल धारणेच्या मर्यादेत राहून जो स्वतः जमीन कसतो, त्याची जमीन इस्टेट म्हणून सरकारने संपादन करायची तर बाजारभावापेक्षा कमी भरपाई देता येणार नाही.

त्यानंतरचा काळ वेगाने गेला. १९७१ च्या पंचविसाव्या दुरुस्तीने अनुच्छेद ३१ मधला ‘भरपाई’ शब्द काढून ‘रक्कम’ घातला. २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यातल्या निकालाने संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला घटनेच्या मूलभूत चौकटीची मर्यादा घातली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्ता मूलभूत हक्कांतून वगळली आणि ती ३००-अ मध्ये साधा घटनात्मक हक्क म्हणून ठेवली : कायद्याच्या अधिकाराशिवाय कुणाची मालमत्ता हिरावता येणार नाही. २४ एप्रिल १९७३ नंतर नवव्या परिशिष्टात घातलेले कायदेही मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येतील, हे २००७ मध्ये स्पष्ट झालं. खोतीची नोंद त्या तारखेआधीची, त्यामुळे तिचं संरक्षण कायम आहे.

मालमत्ता आता मूलभूत हक्क नाही, हे वाक्य सरसकट म्हटलं जातं, पण ३१-अ चं ते परंतुक अजून मूलभूत हक्कांच्या भागातच उभं आहे. कोकणातून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाच्या (क्र. ६६) रुंदीकरणात मात्र ते हाताशी येत नाही, कारण तिथे संपादन महामार्गाच्या कायद्याने होतं आणि मोबदला २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या हिशेबाने ठरतो. तिथे कोकणातला प्रश्न वेगळाच असतो. सातबाऱ्यावर आजोबांच्या काळातली दहा-बारा सामायिक नावं आणि ‘इतर हक्का’त कुळाची नोंद. ३००-अ खाली २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जे उपहक्क मोजले, त्यांत पहिले दोन आधी नोटीस मिळण्याचा आणि म्हणणं ऐकलं जाण्याचा आहेत. इतर हक्कात नाव असलेल्या कुळाला नोटीस आपल्यालाही आली का, हे तलाठ्याकडे जाऊन पाहावं लागतं.