फौजीचा बायोडेटा सिक्युरिटीच्या पुढं का जात नाही, त्याची पार्श्वभूमी

सातारा, सांगली, कोल्हापूर, कुठल्याही फौजी गावात जा, पेन्शनवर आलेल्या जवानाला पहिला प्रश्न ठरलेला, "मग आता काय, बँकेत का सिक्युरिटीत?" तो फौजेत नक्की काय काम करत होता हे कुणी विचारतच नाही, आणि हे आजचं नाहीये, बरंच जुनं आहे.

बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ घ्या. लष्करी शाळेत कित्येक वर्षं हेडमास्तर होते, म्हणजे शिकवणं, शाळा चालवणं सगळं हातचं, आणि पेन्शनीत आल्यावर खटाव तालुक्यातल्या गोरेगावला नोकरी कसली, तर दुष्काळी कामावरच्या तलावाच्या बांधकामावर कॅशियरची. फौजी माणूस प्रामाणिक, पैशाला हात लावणार नाही, हा भरवसा तेव्हाही होता पण त्याची विद्या कामाला लावायची सोय नव्हती.

मग पहिलं महायुद्ध झालं. सातारा जिल्ह्यातल्या एकट्या अपशिंगे गावातले 46 जवान त्यात कामी आले. 1919 पासून सोल्जर्स बोर्डं सुरू झाली, आजचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय त्याच वंशातलं, पण त्यांचं काम मुख्यतः पेन्शन, विधवांची मदत, अर्जविनंत्या.

खरी गडबड 1945 ला झाली. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा हिंदी फौज 25 लाखांच्या आसपास होती आणि त्यातल्या बहुतेकांना घरी पाठवायचं होतं. यात ड्रायव्हर, फिटर, वायरलेसवाले, नर्सिंगवाले सगळे होते. त्यांच्यासाठी जुलै 1945 मध्ये सरकारनं पुनर्वसन आणि रोजगाराचं वेगळं महासंचालनालय काढलं आणि त्यातूनच एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज उभी राहिली! ज्या एक्स्चेंजमध्ये आपल्या काका-मामांनी नाव नोंदवून वर्षानुवर्षं कॉलची वाट बघितली ती मुळात सैनिकांसाठी होती, फाळणीनंतर निर्वासितांसाठी वापरली आणि 1948 ला सगळ्यांसाठी उघडली, म्हणजे फौजी परत सगळ्यांच्या रांगेत.

पुढं 70च्या दशकात अजून एक बदल झाला. आधी जवान सात वर्षं नोकरी करून रिझर्व्हमध्ये, म्हणजे गरज पडली तरच परत बोलवायच्या यादीत, जायचा, वय पंचविशीचं, गावी येऊन शेती बघायचा नाहीतर दुसरं काही शिकायचा. मग नोकरी 17 वर्षांची झाली, पेन्शन मिळायला लागली हे चांगलंच, पण माणूस बाहेर पडतो तेव्हा पस्तिशी-चाळिशीचा, पोरं शाळेत, घराचं कर्ज डोक्यावर. असे साधारण 60 हजार जण दरवर्षी बाहेर पडतात.

यावर सरकारचं उत्तर कायम जागा राखून ठेवण्याचं राहिलं. केंद्रात क गटात 10 टक्के, आपल्या राज्यात 15 टक्के, आणि 1986 पासून तर 15 वर्षं नोकरी झालेल्या दहावी पास जवानाला क गटाच्या काही पदांसाठी पदवीधर धरतात. याचा फायदा झाला, नाही म्हणत नाही, पण जेवढ्या जागा राखीव असतात त्याहून बऱ्याच कमी भरतात, आणि खाजगी कंपनीला त्या सर्टिफिकेटशी काही घेणंदेणं नसतं. मग उरते सिक्युरिटी एजन्सी, तिथं कुणी काही समजावून सांगायला लागत नाही, माजी सैनिक म्हटलं की झालं.

माझ्या मते मूळ दुखणं इथंच आहे. फौजेतून सुटताना मिळणारं डिस्चार्ज बुक उघडून बघा, ट्रेड (म्हणजे फौजेतलं काम), रँक, मेडिकल कॅटेगरी, कॅरेक्टरच्या पुढं 'एक्झंप्लरी' म्हणजे आदर्श, बस. आता ट्रेड 'एसकेटी' असेल, म्हणजे स्टोअर कीपर टेक्निकल, तर या माणसानं गाड्यांच्या स्पेअरचा स्टोअर सांभाळलाय, लेजर लिहिलंय, इंडेंट म्हणजे मालाची मागणीपत्रं टाकलीत, स्टॉक मोजून ऑडिटला उत्तरं दिलीत, आणि चाकणच्या गोदामात नेमका असाच माणूस हवा असतो पण तिथल्या एचआरवाल्या पोरीला 'एसकेटी, हवालदार' यातून काय कळणार? हवालदार म्हणजे तिला पोलीस वाटतो. ऑफिसरांसाठी निदान आयआयएमचे सहा-सहा महिन्यांचे कोर्स आहेत, तिथं बायोडेटा कसा लिहायचा, इंटरव्ह्यूला काय बोलायचं हे कळतं. जवानांसाठीही रिटायरमेंटच्या आधी कोर्स असतात, पण 17 वर्षांचं काम नागरी भाषेत कागदावर मांडून देणारं माणूस शेजारी बसलेलं नसतं.

आणि आता अग्निवीर. जून 2022 ला योजना आली, चार वर्षं, चौघातला एकच पुढं कायम, बाकीच्यांना साधारण पावणेबारा लाखांचा सेवा निधी. पहिली बॅच 2026 च्या शेवटाकडे बाहेर पडेल, पोरं बावीस-पंचवीसची. यांना पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही, म्हणजे वर सांगितलेल्या राखीव जागा आपोआप मिळत नाहीत, निमलष्करी दलांत वगैरे त्यांच्यासाठी वेगळा कोटा जाहीर झालाय. पण बाकीच्यांना पहिल्या दिवसापासून कंपनीच्या दारातच जायचंय, म्हणून चार वर्षांत कुठलं मशीन चालवलं, किती जणांची टीम सांभाळली, कसला हिशोब ठेवला हे युनिटमध्ये असतानाच लिहून ठेवायला लावलं पाहिजे, बाहेर आल्यावर आठवून लिहिणं फार अवघड जातं.